जाडीच्या पोटातले कागद

विल्फ्रेदो जेवायला आला की हातात काहीतरी घेऊन येतो आणि जाताना त्याहून मोठं काहीतरी घेऊन जातो, हे निवेसला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. त्या वर्षी त्याने केक आणला आणि शिवणयंत्र नेलं. सासरे वारले त्या रविवारी फुलं आणली आणि कटिंग मशीन नेलं. आज त्याने अननस आणला होता, आणि अननसाच्या मागोमाग एक मेकॅनिक.

"हे मास्तर सेवेरो," थोरल्या दिराने ओळख करून दिली. "रंगीत मशीनमध्ये ला पाझमध्ये यांचा हात धरणारा कोणी नाही. म्हटलं, रविवार आहे, सगळे घरात आहेत, जाडीला एकदा दाखवून टाकू. म्हणजे मागाहून कुणाच्या मनात काही राहायला नको."

किस्बेर्त घराण्यात हे वाक्य एरवी म्हातारं माणूस अत्यवस्थ झालं की डॉक्टर बोलावताना म्हणत. डॉक्टर नाडी धरेपर्यंत बाहेर शवपेटीचा भाव ठरलेला असे.

"मी उद्या बोलावलाय की एकाला," निवेस म्हणाली.

"उद्याचा कशाला? हा आजचा आहे, आणि घरचाच आहे."

मास्तर सेवेरोने टोपी काढली, सासूबाईंना वाकून नमस्कार केला आणि समोरच्या खोलीत जाऊन जाडीपुढे गुडघे टेकले.

जाडी म्हणजे समोरच्या खोलीतला रंगीत लेझर प्रिंटर. चौदा वर्षांपूर्वी निवेसच्या नवऱ्याने, हेर्मानने, तो सरहद्दीपलीकडच्या बंदरातून बसच्या टपावर बांधून आणला होता. चार माणसांनी मिळून तो आत घेतला आणि सासूबाई म्हणाल्या होत्या, "ही जाडी कोण आणलीस रे?" तेच नाव पडलं. जाडी आल्यापासून घरातले छपाईचे शिशाचे खिळे खोक्यात गेले. चोवीस जानेवारीच्या अलासितासच्या जत्रेसाठी लागणारं सगळं जाडी छापायची: बोटाएवढी मालकीपत्रं, बोटाएवढे पासपोर्ट, पदव्या, लग्नाचे दाखले, घटस्फोटाचेसुद्धा. भर दुपारी बारा वाजता आपल्याला हवं ते चिमुकलं विकत घ्यायचं, त्याला धूप दाखवायचा, की वर्षभरात तेच मोठं होऊन मिळतं, यावर अख्ख्या शहराचा विश्वास होता. त्या विश्वासावर किस्बेर्तांची तिसरी पिढी जेवत होती.

हेर्मान मात्र नऊ वर्षांपूर्वी साओ पावलोला शिवणकामाला गेला तो 'सहा महिन्यांसाठी'. अजून त्याचे सहा महिने संपले नव्हते. सासरे डॉन मेलितोन यांना मुलाची लक्षणं कळली असावीत. मरायच्या आदल्या दिवशी सगळ्यांना गोळा करून ते म्हणाले होते, "जाडी छापते आहे तोवर समोरची खोली निवेसची. कुणी तिला हात लावायचा नाही." म्हातारा लिहिणाऱ्यांतला होता, आयुष्यभर लोकांची मालकीपत्रं छापली. पण स्वतःच्या सुनेचा हक्क तेवढा तोंडी सांगून गेला.

तेव्हापासून निवेस त्या खोलीत राहत होती, तिथेच छापत होती, तिथेच झोपत होती. आणि तेव्हापासून दोन्ही दीर जाडीच्या तब्येतीची फार आपुलकीने चौकशी करत होते.

बुधवारी जाडी बंद पडली. जत्रा आठ दिवसांवर.

"वाढ गं," सासूबाई म्हणाल्या. त्यांचं नाव ओर्तेन्सिया. तीस वर्षं नवऱ्याशेजारी उभं राहून त्यांनी खिळे जुळवले होते. उलटी अक्षरं वाचायची इतकी सवय, की माणसाचंही सरळ बोलणं त्या आधी उलटं करून बघत.

कोंबडीची साज्ता ताटांत पडली. शेजारी काळे चुन्यो, वाळवलेले बटाटे. मधल्या दारातून मास्तर सेवेरोची पाठ दिसत होती.

"मी काय म्हणतो," विल्फ्रेदोने सुरुवात केली, "मशीनवर माया असावी, पण हिशेबात. चौदा वर्षं म्हणजे प्रिंटरची शंभरी झाली. त्याला अजून किती त्रास द्यायचा?"

"अगदी," त्याची बायको मार्लेने म्हणाली. "बिचारीचा आवाज ऐकला की माझ्या पोटात कालवतं."

"गेल्या वर्षी म्हणालात की आवाजाने डोकं उठतं," निवेस म्हणाली.

"डोकं उठतं म्हणूनच पोटात कालवतं. तुला नाही कळायचं."

धाकटा दीर रोलांदो मोबाईलची दुकानदारी करायचा. दुकान म्हणजे बाजाराच्या कोपऱ्यावरची घडीची खुर्ची आणि छत्री. तो कोंबडीचं हाड चोखत म्हणाला, "दादाचं बरोबर आहे. आता कोण छापील कागद घेतंय? सगळं मोबाईलवर. पुढल्या वर्षी लोक फोनवरच्या मालकीपत्राला धूप दाखवतील."

"दाखवतील, आणि फोन जळला की तुझ्याकडे येतील," सासूबाई म्हणाल्या.

"वहिनीची काळजी आहे म्हणून बोलतोय, आई. एकट्या बाईने या वयात टोनर हुंगत बसायचं म्हणजे..."

"मी चाळीसची आहे, रोलांदो भाऊजी."

"तेच म्हणतोय."

तास झाला, जाडीचा ड्रम, जाडीचे रोलर, जाडीचं वीजबिल, जाडीने एकदा मार्लेनेची ओढणी खाल्ली ती गोष्ट, सगळं बोलून झालं. खोली हा शब्द एकदाही कुणी उच्चारला नाही. निवेस प्रत्येक वाक्यात तो ऐकत होती. विल्फ्रेदो 'आता विश्रांती द्यावी' म्हणाला तेव्हा त्याची नजर जाडीवरून भिंतीवर, भिंतीवरून रस्त्याकडच्या खिडकीवर फिरून आली होती. तो पालिकेत दस्तांच्या विभागात होता. रुंदी-लांबी बघायची त्याच्या डोळ्यांना सवयच होती.

"दुरुस्त होईल ती," निवेस म्हणाली. आवाज तिला हवा होता त्यापेक्षा वर गेला. "आधीही झाली आहे. तीनदा झाली आहे. जे लागेल ते मी करीन. आई, दुरुस्त करून घेऊ या."

"तुला काय वाटतं ते कळलं," सासूबाई म्हणाल्या. "मास्तरला काय वाटतं ते येऊ दे."

मास्तर सेवेरो दारात येऊन उभा राहिला. हाताला जांभळी-गुलाबी पूड. त्याने विल्फ्रेदोकडे बघितलं आणि पाठ केल्यासारखं म्हटलं, "दोन्या ओर्तेन्सिया, दुरुस्ती परवडणार नाही. ड्रम गेला, रोलर गेला, सुटे भाग यायचे बंद झाले. हिला आता डॉक्टर नको, पाद्री हवा."

विल्फ्रेदोने मान खाली घालून दुःख केलं. निवेसने हातातला चमचा ताटात ठेवला. तिला एकदम खोलीतला पलंग आठवला, पलंगाखालची कागदाची रिमं, खिडकीतला तिचा जिरेनियम. हे सगळं उचलून कुठे न्यायचं ते तिला सुचेना.

"उघडून बघितलंत?" सासूबाईंनी विचारलं.

"अं?"

"मास्तर, तुम्ही उघडून बघितलंत की बाहेरूनच पाद्री बोलावलात? माझा नवरा मशीन न उघडता बोलणाऱ्याला मास्तर म्हणत नसे."

वर्मी लागलं. विल्फ्रेदोने त्याला काय सांगून आणलं होतं कोण जाणे, पण मास्तर सेवेरोला स्वतःच्या हाताचा अभिमान त्याहून मोठा होता. तो गर्रकन वळला. पाच मिनिटं नुसते खडखड आवाज आले. मग चिमट्यात काहीतरी धरून तो परत आला आणि ते टेबलावर अननसाशेजारी ठेवलं.

प्लास्टरचा कोंबडा. नखाएवढा. तुरा मोडलेला.

मार्लेने खोकली. गेल्या अलासितासला सगळ्यांदेखत तिनेच तो निवेसला दिला होता. नवरा मिळावा म्हणून पोरींना कोंबडा देतात, हे टेबलावर सगळ्यांना ठाऊक होतं. निवेसने तो तेव्हा काही न बोलता जाडीच्या झाकणावर ठेवला होता.

"रोलरमध्ये अडकला होता," मास्तर म्हणाला. "बाकी रोलर झिजलाय हे खरं. पण मेलेली नाही ती. अजून पन्नासेक कागद काढेल."

"म्हणजे चालते!" निवेस उठून उभी राहिली.

"चालते काय, धावेल. झाकण लावलं की लगेच सुरू होईल. कॉम्प्युटरवर बघितलं मी, कागद रांगेत थांबलेत ना. बुधवारपासूनचे. एकूण एकेचाळीस."

आणि निवेस उभी होती तशीच थिजली.

शनिवारी तिने स्वतःच जाडी ठोकून बघितली होती. चालली असं वाटलं, म्हणून एक कागद पाठवला. स्वतःचा. एकच. जाडी कण्हली आणि गप्प झाली. कागद गेला नाही असं समजून ती झोपली. तो गेला नव्हताच. तो थांबला होता.

"कुणाचे आहेत?" विल्फ्रेदोने विचारलं. तोही उभा राहिला होता.

"नावं नाहीत. बुधवारचे पासपोर्ट आहेत. गुरुवारी 'पत्र' म्हणून एक आहे, ते सतरा वेळा पाठवलंय. शुक्रवारी 'लायसन्स', अकरा वेळा."

गुरुवारी विल्फ्रेदो विजेचं मीटर बघायला आला होता. शुक्रवारी रोलांदो फोन चार्ज करायला. निवेस दोन्ही दिवशी बाजारात होती.

"पुसून टाका," विल्फ्रेदो म्हणाला.

"पुसूनच टाका," रोलांदो म्हणाला. "मशीनवर ताण येईल."

"राहू दे ना आत्ता," निवेसच्या तोंडून गेलं. "मास्तर, नका लावू झाकण. उद्या बघू. एवढी काय घाई आहे?"

किस्बेर्त घराण्याच्या तीन पिढ्यांत सगळ्यांचं एकमत झाल्याची ही पहिलीच वेळ असावी. सासूबाईंनी एकेकाकडे पाहिलं. सगळ्यात जास्त वेळ निवेसकडे.

"आत्ता पाच मिनिटांपूर्वी तू म्हणालीस, जे लागेल ते करीन."

"हो, पण..."

"विल्फ्रेदो, तू म्हणालास, ही चालणारच नाही. मग चालायला भितोस कशाला?"

"भीत कोण, आई? मी आपलं..."

"मास्तर," सासूबाई म्हणाल्या, "या घरात अलासितासचा कागद पुसत नाहीत. चुकलेलासुद्धा फाडत नाहीत, धुपात घालतात. मागितलेलं मधेच अडकवून ठेवलं तर ते कुणाला लागेल सांगता येत नाही. लावा झाकण."

खट्ट झालं. जाडीने आधी उसासा टाकला, मग दळणाची गिरणी चालावी तसा आवाज केला. मार्लेनेच्या पोटात या खेपेला खरंच कालवलं असावं.

पासपोर्ट आले. प्रत्येकाच्या मधोमध गुलाबी पट्टा, झिजलेल्या ड्रमची खूण. सासूबाई स्वतः ट्रेपाशी खुर्ची ओढून बसल्या आणि गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं. खिळे जुळवायच्या काळातलं भिंग ते.

"मालकीपत्र," त्या वाचू लागल्या. "ग्रान पोदेर वस्ती, किस्बेर्त यांच्या घरातली समोरची खोली. मालक, विल्फ्रेदो किस्बेर्त." दुसरा कागद आला. "मालकीपत्र. समोरची खोली. मालक, विल्फ्रेदो किस्बेर्त." तिसरा. चौथा. "अरे, एकदा मागितलं तर देवाला ऐकू येत नाही का?"

"आई, अलासितास आहे, गंमत असते," विल्फ्रेदोच्या कानांना रंग चढला होता. "मला वाटलं गेलं नाही, म्हणून परत दाबलं."

"सतरा वेळा गंमत."

"आणि माझं काय?" रोलांदोला जोर आला. "दादा, तू मला म्हणालास, खोली आपण दोघं मिळून..."

"थांब, तुझंही येतंय," सासूबाई म्हणाल्या. "लायसन्स. मोबाईल विक्री व दुरुस्ती. पत्ता, समोरची खोली. मालक, रोलांदो किस्बेर्त आणि बंधू." त्यांनी भिंग खाली घेतलं. "बंधूचं नाव नाही घातलंस."

"जागा पुरली नाही."

"तुमची जागा कधीच पुरत नाही."

दोघा भावांत जुंपली. गेल्या तासाभरात 'दादाचं बरोबर आहे' म्हणणारा रोलांदो आता दादाने शिवणयंत्र नेलं, कटिंग मशीन नेलं, इथपर्यंत आला. मार्लेने म्हणाली, छत्रीखाली बसणाऱ्याने मालकीची भाषा करू नये. निवेसला एरवी हे बघायला किती मजा वाटली असती! ती ट्रेकडे सरकत होती. अजून एक, अकरावं लायसन्स, मग तिचा कागद. तिने हात पुढे केला. सासूबाईंनी मान न वळवता तिच्या मनगटावर चापट मारली.

कागद आला. सासूबाईंनी तो उचलला.

"मालकीपत्र," त्यांनी वाचलं, आणि आवाज हळू झाला. "एल आल्तो शहर. दोन खोल्या. वेगळं स्वयंपाकघर. वेगळं दार. मालकीण, निवेस कोंदोरी."

भाऊ भांडायचे थांबले. मार्लेनेने असा श्वास घेतला, की त्यात आनंद लपला नाही.

"ऐकलंत?" ती म्हणाली. "आम्ही निदान याच घरातलं मागितलं. या बाईला घरच नकोय! आणि तुम्ही हिचीच बाजू घेता, आई."

निवेसला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. नऊ वर्षं या म्हातारीच्या आधारावर ती इथे टिकून होती. एक जण तरी आपल्या बाजूचं आहे, एवढ्या भरवशावर. तो भरवसा तिने स्वतःच्या हाताने छापून ट्रेमध्ये ठेवला होता.

"'दे किस्बेर्त' गाळलंस," सासूबाई म्हणाल्या. लग्न झालेल्या बाईच्या नावापुढे नवऱ्याचं आडनाव असंच लावतात.

"हो."

"मुद्दाम?"

निवेसने खोटं बोलायचं ठरवलं होतं. तोंडातून मात्र खरंच आलं. "मुद्दाम. आई, मला तुमचा कंटाळा नाही आला. म्हणजे आला. कधी कधी येतो. पण ते नव्हे. मला दार हवंय. माझं. मी बाहेर गेले की कुणी मीटर बघायला येणार नाही असं दार. या घरात मी कोण आहे? नवरा मेला असता तर विधवा तरी झाले असते. नऊ वर्षं मी जाडीची तब्येत विचारत उठतेय, कारण ती मेली तर मी रस्त्यावर."

मास्तर सेवेरोने उगाच स्क्रूड्रायव्हर पुसला.

आणि जाडी परत घरघरली.

"संपले ना?" विल्फ्रेदोने विचारलं.

"एकेचाळिसावा राहिलाय," मास्तर म्हणाला. "आज सकाळी सव्वासातचा."

सकाळी सव्वासातला निवेस ब्रेड आणायला गेली होती. तिने भावांकडे पाहिलं, भावांनी एकमेकांकडे, मग सगळ्यांनी मार्लेनेकडे. मार्लेने म्हणाली, "माझ्याकडे काय बघताय? मला साधं चालूसुद्धा करता येत नाही ते!"

कागद अर्धा बाहेर आला आणि अडकला. आतून जळका वास आला, धुराची बारीक रेघ वर चढली. मास्तरने झडप घालून वीज बंद केली, दोन बोटांनी कागद अलगद ओढून काढला आणि सवयीने वाचायला डोळ्यांजवळ नेला. मग त्याने तो न वाचताच सासूबाईंपुढे धरला.

"तूच वाच," सासूबाई निवेसला म्हणाल्या. "मला पाठ आहे. एका बोटाने अर्धा तास लागला टाइप करायला. शिशाचे खिळे असते तर पाच मिनिटांत केलं असतं."

गुलाबी पट्टा याही कागदावर होता, पण अक्षरं स्वच्छ होती. निवेसने वाचलं: मालकीपत्र. ग्रान पोदेर. समोरची खोली. रस्त्याकडे वेगळं दार. मालकीण, निवेस कोंदोरी.

तिने शेवटची ओळ पुन्हा वाचली. 'दे किस्बेर्त' इथेही नव्हतं.

"आई," ती एवढंच म्हणू शकली.

"रडू नकोस, कागद ओला होईल. मलाही तुझा कंटाळा येतो. पहाटे पाचला भांडी आपटतेस. दार वेगळं झालं की तुझी भांडी तू तिकडे आपट."

"आई, एक मिनिट," विल्फ्रेदोने घसा साफ केला. कचेरीत लोकांना परत पाठवताना वापरायचा तो आवाज. "भावना समजल्या. पण नियम तो नियम. मास्तर, मशीन गेलं ना आता?"

"आता गेलं," मास्तरने कबूल केलं. "आता खरंच पाद्री."

"झालं तर. बाबांचा शब्द असा होता, की जाडी छापते आहे तोवर. जाडी संपली. शब्दही संपला."

"संपला," सासूबाई म्हणाल्या. "बाबांचा शब्द संपला. आता माझा सुरू. घर माझ्या नावावर आहे हे तुला दस्तांत रोज दिसतं, म्हणून तर तू सतरा वेळा दाबलंस. उद्या सकाळी हा कागद घेऊन तुझ्या कचेरीत जायचं आणि मोठ्या कागदावर करून आणायचं. सही करायला मी येते. रांगेत उभी राहणार नाही, सांगून ठेव. आणि रोलांदो, तुझ्या छत्रीला सुट्टी दे. छिन्नी-हातोडा आण. खिडकीखालची भिंत फोडायची आहे."

"आत्ता? जेवणावरून उठून?"

"अननस खा आणि मग फोड."

रोलांदो भावाकडे बघत राहिला, भाऊ छताकडे. मार्लेनेने गुपचूप टेबलावरचा कोंबडा उचलून पर्समध्ये टाकला.

निवेस अजून कागद हातात धरून उभी होती. तिला एकच गोष्ट विचारायची होती, आणि ती विचारायला नऊ वर्षं लागली होती. "आई, तुम्ही पण त्याचं आडनाव गाळलंत. तुमचा मुलगा आहे तो. उद्या हेर्मान परत आला तर?"

सासूबाईंनी भिंग पुसून पुन्हा गळ्यात अडकवलं.

"आला तर येऊ दे की," त्या म्हणाल्या. "दाराला बेल लावून घे. त्याने वाजवावी. उघडायचं की नाही ते तुझं तू बघ."